रिकामे रकाने: लॉकर नियंत्रक प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

पार्सल लॉकरचे नियंत्रण सॉफ्टवेअर आजपासून माझ्याकडे आले. वरवर पाहता काम सोपे आहे. कोणीतरी कप्पा राखून ठेवतो, सामान ठेवून दार लावतो, घेणाऱ्याला कोड जातो, तो येऊन दार उघडतो आणि सामान घेऊन जातो. सकाळपासून जुना कोड वाचत बसलो. दुपारपर्यंत कळले की एवढ्या सोप्या कामाचे वर्णन त्यात एका जागी कुठेच नाही. प्रत्येक कप्प्यामागे सात फ्लॅग, म्हणजे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणाऱ्या खुणा, आहेत: राखीव आहे, दार उघडे आहे, भरलेला आहे, कोड दिला आहे, मुदत संपली आहे, देखभाल चालू आहे, बिघाड आहे. कोणते फंक्शन कोणता फ्लॅग कधी फिरवते, हे शोधत फाइलींमधून हिंडावे लागते.

सात फ्लॅग म्हणजे १२८ मांडण्या. कागदावर एकेक लिहून पाहिली. अर्थ लागेल अशा आठच निघाल्या. उरलेल्या १२० मांडण्यांबद्दल कोड काही बोलत नाही, आणि तिथे पोचू नये म्हणून कुठे अडसरही नाही. कप्पा राखीव नाही, भरलेलाही नाही, पण कोड दिलेला आहे, असे झाले तर काय करायचे? प्रत्येक फंक्शन आपापल्या समजुतीने उत्तर देते.

हे काम ज्या तक्रारीमुळे आले तीही याच जातीची आहे. रिकामा कप्पा तीन-तीन दिवस ‘भरलेला’ दिसत राहतो.

टीममधली सहकारी म्हणाली, “फ्लॅग तर सगळेच वापरतात, त्यात एवढं काय?” मला थेरॅक-२५ आठवले. किरणोपचाराच्या त्या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. शेवटच्या अपघातामागे एका बाइटचा, म्हणजे ० ते २५५ एवढ्याच संख्या मावणारा, फ्लॅग होता. ‘तपासणी हवी’ हे सांगण्यासाठी त्यात ठरावीक संख्या टाकायला हवी होती. त्याऐवजी दर फेरीत त्यात एक मिळवला जाई, म्हणून दर २५६ व्या फेरीला तो शून्यावर येई. नेमक्या त्या क्षणी बटण दाबले गेले की तपासणी वगळली जाई. आमच्या लॉकरमुळे कोणाच्या जिवावर बेतणार नाही. तरी फ्लॅगच्या भरवशावर राहिले की काय होते, हे याहून स्पष्ट सांगणारे उदाहरण मला माहीत नाही.

ठरले: कोडला हात लावण्याआधी स्टेट डायग्राम काढायचा. चौकटीत अवस्था, आणि कोणत्या घटनेने एका अवस्थेतून दुसरीत जायचे ते बाणावर.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सहकारीने पहिला डायग्राम काढून आणला. पहिली चौकट ‘कोड तपासा’, दुसरी ‘दार उघडा’, तिसरी ‘नोंद करा’. चौकटी आहेत, बाण आहेत, पण हा फ्लोचार्ट झाला. त्यातल्या चौकटी म्हणजे कामे. कोड तपासायला काही मिलिसेकंद लागतात, लॉकर तिथे मुक्काम करत नाही. अवस्था म्हणजे मुक्कामाची जागा.

बोलता बोलता एक कसोटी हाताला लागली. चौकटीवर बोट ठेवून विचारायचे, “इथे लॉकर कशाची वाट पाहतोय?” उत्तर आले तर ती अवस्था. “वाट नाही पाहत, काम करतोय” असे उत्तर आले तर ते काम उचलून बाणावर ठेवायचे. तासाभरात अर्धा कागद खोडला गेला आणि आठ नावे उरली: मोकळा, राखीव, ठेवण्यासाठी उघडा, भरलेला, घेण्यासाठी उघडा, मुदत संपलेला, देखभालीत, तपासणी हवी.

‘मुदत संपलेला’वर बराच वाद झाला. तिचे म्हणणे, कप्पा भरलेलाच आहे, मुदत हा त्याचा एक तपशील. वेगळी अवस्था कशाला? मी म्हटले, दोन्हींना एकच घटना देऊन बघू. घेणाऱ्याने बरोबर कोड टाकला. भरलेल्या कप्प्याचे दार उघडते. मुदत संपलेल्याचे उघडत नाही, कारण सामान परत पाठवायचे ठरलेले असते. एकाच घटनेला दोन वेगळी उत्तरे मिळतात, म्हणजे अवस्था दोन. याउलट, पार्सल लहान की मोठे याने कुठल्याच घटनेचे उत्तर बदलत नाही, म्हणून ती माहिती साध्या व्हेरिएबलमध्ये राहू दे. हा दुसरा निकष मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

गुरुवार, ७ ऑगस्ट

डायग्राम आता देखणा झाला आहे. आठ चौकटी, १९ बाण, एका पानात मावतो. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मला नेमकी तिथेच शंका आली. चित्रात काढलेला बाण दिसतो. न काढलेला बाण दिसत नाही, आणि आमची तक्रार बहुधा न काढलेल्या बाणांतच दडलेली आहे.

म्हणून तेच चित्र तक्त्यात मांडले. डावीकडे आठ अवस्था, वर अकरा घटना: राखण्याची विनंती, रद्द, बरोबर कोड, चुकीचा कोड, दार उघडले, दार लागले, वेळ संपली (टायमर वाजला), मुदत संपली (सामान न्यायची), देखभाल सुरू, देखभाल संपली, वीज परत आली. आठ गुणिले अकरा, ८८ रकाने. १९ भरले, ६९ कोरे. चित्रात जी मोकळी जागा छान दिसत होती ती इथे ६९ अनुत्तरित प्रश्न होऊन समोर आली.

दुपारभर एकेक कोरा रकाना घेतला. नियम एवढाच की कोरा सोडायचा नाही. घटना त्या अवस्थेत येऊच शकत नसेल तर फुली. येईल पण काही करायचे नाही, असे विचारपूर्वक ठरले तर शून्य. काही करायला हवे असेल तर नवा बाण. फुली आणि शून्य वरवर सारखी वाटतात, दोन्हींत काहीच घडत नाही. पण शून्य हा निर्णय असतो, तर फुली हा जगाबद्दलचा दावा असतो, आणि दावा चुकू शकतो.

तो चुकलाच. ‘भरलेला’ आणि ‘दार उघडले’ या रकान्यात आम्ही डोळे झाकून फुली मारली होती: कोड टाकल्याशिवाय दार उघडेल कसे? फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला कोड, सांभाळणारा सहकारी मागून बघत होता. म्हणाला, “दाराची कडी पडली तरी थोडी ढील राहते. कोणी जोरात ओढलं की चुंबकी सेन्सर क्षणभर ‘उघडं’ म्हणतो. आणि आणीबाणीची किल्ली आहे ती वेगळीच, तिचा तर सॉफ्टवेअरला पत्ताही लागत नाही.” फुली खोडली, ‘तपासणी हवी’कडे बाण काढला. मग त्यालाच शेजारी बसवून घेतले आणि सगळ्या फुल्या पुन्हा पहिल्यापासून तपासल्या. हे काम फक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी करायचे नसते, हे मी आधीच ओळखायला हवे होते.

संध्याकाळचा हिशेब: ३१ फुल्या, २७ शून्ये, ११ नवे बाण. प्रत्येक फुलीच्या जागी कोडमध्ये स्पष्ट इशारा लिहायचा, म्हणजे अशक्य म्हटलेले काही घडले तर ते लॉगमध्ये दिसेल.

सोमवार, ११ ऑगस्ट

मूळ तक्रारीचे कारण सापडले. गंमत म्हणजे ते कोऱ्या रकान्यात नव्हते, भरलेल्या रकान्यात होते. ‘ठेवण्यासाठी उघडा’ या अवस्थेत ‘दार लागले’ की ‘भरलेला’. जुना कोडही हेच करतो आणि आमचा सुबक बाणही हेच करत होता. पण माणूस दार उघडतो, पार्सल कप्प्यात बसत नाही हे बघतो, दार लावून निघून जातो. लॉकर म्हणतो, भरलेला.

बाणावर गार्ड, म्हणजे अट, हवा: आत वस्तू असेल तरच ‘भरलेला’. कप्प्यात इन्फ्रारेड सेन्सर आहे, हे आज कळले. त्याचे वाचन आजवर कोणी वापरलेच नव्हते, कारण काचेवर धूळ बसली की तो बेभरवशाचा होतो. आम्ही दोन बाण काढले: एकावर ‘वस्तू आहे’, दुसऱ्यावर ‘वस्तू नाही’. चित्र पूर्ण दिसत होते. मग सहकारीने सेन्सरचे माहितीपत्रक उघडले. तो तीन उत्तरे देतो: आहे, नाही, सांगता येत नाही. तिसऱ्या उत्तराला दोन्ही गार्ड खोटे ठरतात. यूएमएल या डायग्राम काढण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या नियमानुसार ज्या घटनेने एकही बाण लागू होत नाही आणि जी पुढे ढकलून ठेवलेली नाही, ती गुपचूप टाकून दिली जाते. म्हणजे दार लागलेले असताना लॉकरच्या लेखी ते उघडेच राहिले असते.

यापुढे एकाच घटनेवर गार्डवाले दोन बाण दिसले की दोन प्रश्न विचारायचे: दोन्ही एकदम खरे होऊ शकतात का, आणि दोन्ही एकदम खोटे होऊ शकतात का? ‘अन्यथा’चा बाण नसेल तर तो का नाही, हे लिहून ठेवायचे.

‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ या दोन्हींसाठी नववी अवस्था आली: खात्रीच्या प्रतीक्षेत. पडदा विचारतो, “सामान ठेवले का?” हो म्हटले तर ‘भरलेला’. नाही म्हटले तर परत ‘राखीव’, तोच कोड चालू. ३० सेकंदांत उत्तर आले नाही तर ‘तपासणी हवी’. नवी अवस्था आणि ‘हो’ व ‘नाही’ या दोन नव्या घटना आल्या म्हणून तक्त्यात २९ कोरे रकाने वाढले. ते आजच भरले.

बुधवार, १३ ऑगस्ट

बाणांचे जंजाळ झाले आहे. ‘देखभाल सुरू’चा बाण जवळपास प्रत्येक चौकटीतून निघतो, ‘वीज परत आली’चाही तसाच. चित्र वाचवत नाही.

नेमक्या याच अडचणीतून डेव्हिड हॅरेल यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाट काढली. इस्रायलमधल्या विमानांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर काम करणाऱ्या अभियंत्यांना ते सल्ला देत होते. विमानाने कोणत्या स्थितीत कशाला काय उत्तर द्यावे, हे साध्या स्टेट डायग्रामच्या आवाक्याबाहेर गेले होते. त्यांनी चौकटीत चौकट बसवली, समांतर भाग आखले आणि या पद्धतीला स्टेटचार्ट म्हटले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात एका डिजिटल मनगटी घड्याळाचे वर्तन या पद्धतीने मांडून दाखवले आहे. आज यूएमएलमध्ये आपण जे स्टेट मशीन काढतो त्याचे मूळ तिथे आहे.

आम्ही ‘सेवेत’ नावाची मोठी चौकट काढली आणि सात अवस्था तिच्या पोटात घातल्या. ‘देखभालीत’ आणि ‘तपासणी हवी’ बाहेर. ‘देखभाल सुरू’चा एकच बाण मोठ्या चौकटीच्या कडेपासून निघतो आणि आतल्या सगळ्यांना लागू होतो. सात बाणांचे काम एकाने केले. चित्राने मोकळा श्वास घेतला.

पण देखभाल संपल्यावर परत यायचे कुठे? सहकारीने ताबडतोब हिस्टरीचे चिन्ह काढले: गोलात ‘एच’, म्हणजे चौकटीतून बाहेर पडताना आत जी अवस्था होती तिथेच परत. सोय मोठी आहे, पण मी अडून बसलो. देखभालीला आलेला माणूस कप्पा उघडतो, सामान बाजूला ठेवतो, सेन्सर पुसतो. कधी सामान दुसऱ्या कप्प्यात हलवतो. ‘आधी भरलेला होता’ ही आठवण खरी असली तरी ‘आता भरलेला आहे’ हे त्यातून सिद्ध होत नाही. ज्या अवस्थेची खातरी बाहेरच्या जगावर अवलंबून आहे, तिला आठवणीवर परत आणू नये, असे माझे ठाम मत आहे. पडद्यावर कोणते पान उघडे होते, अशा गोष्टींसाठी हिस्टरी उत्तम. कप्प्यासाठी नाही. शेवटी ‘देखभाल संपली’चा बाण ‘तपासणी हवी’कडे नेला. तिथून कर्मचारी कप्पा डोळ्यांनी बघून मोकळा की भरलेला ते सांगेल.

गुरुवार, १४ ऑगस्ट

छोटीशी नोंद, पण विसरता कामा नये. आतल्या अवस्थेचा आणि बाहेरच्या चौकटीचा बाण एकाच घटनेवर असेल तर जिंकतो कोण? यूएमएलमध्ये आतला. हॅरेल यांच्या स्टेटमेट या साधनात बाहेरचा. चित्र तेच, वागणूक उलटी. स्टेट मशीन चालवणारी आपली लायब्ररी आतल्याला मान देते, हे तीन ओळींची टेस्ट लिहून तपासले आणि डायग्रामच्या कोपऱ्यात लिहून ठेवले.

सोमवार, १८ ऑगस्ट

नेटवर्कचा प्रश्न. लॉकर सर्व्हरशी जोडलेला असतो, तुटलेला असतो किंवा पुन्हा जुळवून घेत असतो. नऊ अवस्थांमध्ये हे तीन प्रकार कालवले तर २७ होतात: ‘भरलेला आणि जोडलेला’, ‘भरलेला आणि तुटलेला’, असे सगळे. त्याऐवजी तुटक रेषा मारून दोन समांतर भाग केले. एकात नऊ, दुसऱ्यात तीन, एकूण १२ चौकटी.

दोन्ही भागांनी एकमेकांत डोकावायचे किती, यावर मात्र संयम हवा. ‘नेटवर्क तुटलेले असेल तर’ असा गार्ड कप्प्याच्या बाणांवर चार ठिकाणी आला होता. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारले, खरेच गरज आहे का? कोडची पडताळणी लॉकर स्वतःच करू शकतो, सांकेतिक रूपातले कोड त्याच्याकडेच असतात. सर्व्हरला कळवायचे निरोप रांगेत थांबू शकतात. चारांपैकी तीन गार्ड गेले. उरलेला एक खरा आहे: नेटवर्क नसताना नवी राखण (आरक्षण) घ्यायची नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

कोड लिहायला घेतला आणि पहिल्याच दिवशी ठेच लागली. बाणावरच्या कामात कडी सोडली. चाचणीच्या नकली दाराने तत्क्षणी ‘दार उघडले’ कळवले, आणि पहिला बाण पुरा होण्याआधीच दुसरी घटना हाताळायला सुरुवात झाली. अवस्था अजून ‘राखीव’ होती. ‘राखीव’मध्ये ‘दार उघडले’ म्हणजे कोणीतरी किल्लीने उघडले, म्हणून लॉकर सरळ ‘तपासणी हवी’त गेला.

यूएमएलचा नियम स्पष्ट आहे: हातातली घटना पूर्ण निस्तरल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. आता सगळ्या घटना एका रांगेत जातात आणि एकच लूप त्या एकेक करून उचलतो. सेन्सरची क्षणिक थरथर गाळून टाकणे ड्रायव्हरकडे, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या कोडकडे, दिले. ते डायग्राममध्ये आणले असते तर प्रत्येक चौकटीला शेपूट फुटले असते.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

टेस्टर म्हणाला, “सामान ठेवलं का, हा प्रश्न मधूनच चमकून जातो. वाचायच्या आत गायब.” त्याने दिवसभर प्रयत्न करून दोनदा ते घडवले. दुसऱ्या वेळचा लॉग असा:

१४:०२:१०.११८, रांगेत आली: दार लागले
१४:०२:१०.१२१, रांगेत आली: वेळ संपली
१४:०२:१०.१२४, ठेवण्यासाठी उघडा, तिथून खात्रीच्या प्रतीक्षेत
१४:०२:१०.१२६, खात्रीच्या प्रतीक्षेत, तिथून तपासणी हवी

तीन मिलिसेकंदांच्या फरकात सगळे आहे. ‘ठेवण्यासाठी उघडा’चा टायमर ६० सेकंदांचा. माणसाने नेमके साठाव्या सेकंदाला दार लावले. ‘दार लागले’ रांगेत होते, तेवढ्यात टायमरही वाजला आणि त्याची घटना मागे उभी राहिली. पहिली घटना उचलताच अवस्था बदलली. बाहेर पडताना आम्ही टायमर बंद केला, पण वाजून गेलेल्या टायमरला बंद करून काय उपयोग? ती शिळी ‘वेळ संपली’ नव्या अवस्थेत पोचली आणि नव्या अवस्थेने ती आपलीच समजली.

उपाय: टायमर सुरू करताना दर वेळी त्याला नवा क्रमांक द्यायचा, तो घटनेबरोबर पाठवायचा, आणि चालू क्रमांकाशी जुळला तरच ती मानायची. इंटरनेटवर माहिती पोचवणाऱ्या टीसीपी या नियमावलीतही जुन्या संवादातले भरकटलेले तुकडे नव्या संवादात शिरण्याची हीच भीती आहे. म्हणून तिथे जोडणी संपल्यावरही ‘टाइम-वेट’ नावाची अवस्था राखली आहे. एक तुकडा जाळ्यात जास्तीत जास्त किती काळ जगेल त्याच्या दुप्पट वेळ तिथे थांबायचे. टीसीपीचे नियम सांगणाऱ्या १९८१ च्या आरएफसी ७९३ या दस्तऐवजात ते आयुष्य दोन मिनिटांचे धरले आहे, म्हणजे थांबणे चार मिनिटांचे. त्या दस्तऐवजातला अकरा अवस्थांचा डायग्राम आम्ही आज सगळ्यांनी मिळून बघितला. शिळ्या निरोपासाठी एक अख्खी अवस्था राखलेली बघून सहकारी म्हणाली, “म्हणजे हे आपल्यालाच होत नाही.”

मंगळवार, २६ ऑगस्ट

आजची चूक माझी आणि गंभीर. वीज जाऊन आली की लॉकर डिस्कवर साठवलेली शेवटची अवस्था वाचतो आणि त्या अवस्थेत प्रवेश करतो. टेबलावरच्या नमुन्यात ‘घेण्यासाठी उघडा’ असताना मी दार लावले आणि लॉकरला ते नोंदवायला वेळ मिळायच्या आत प्लग काढला. प्लग परत लावल्यावर लॉकर सुरू झाला आणि खटकन कडी सुटली. समोर कोणी नाही, कोड कोणी टाकला नाही, आणि दार उघडे.

कारण असे की कडी सोडण्याचे काम मी त्या अवस्थेच्या प्रवेशावर ठेवले होते. प्रवेश कसाही झाला, कोड टाकून किंवा वीज परत येऊन, तरी कडी सुटणारच. कॉलेजात मीली आणि मूर असे दोन प्रकार शिकलो होतो, १९५५ आणि १९५६ मधले. मीलीच्या यंत्रात परिणाम बाणावर अवलंबून, मूरच्या यंत्रात अवस्थेवर. परीक्षेपुरते पाठ केले होते, आज पहिल्यांदा मनापासून पटले. दाराशेजारचा हिरवा दिवा हा अवस्थेचा: त्या चौकटीत असेपर्यंत तो लागलेला असणे बरोबर, पुन्हा प्रवेश झाला तरी नुकसान नाही. कडी सोडणे हे बाणाचे: ते ‘बरोबर कोड’ या एका घटनेचे उत्तर आहे आणि एकदाच व्हायला हवे. आता प्रवेशावरचे प्रत्येक काम ‘हे दोनदा झाले तर चालेल का?’ या प्रश्नातून जाते. तीन कामे बाणांवर हलवली.

डायग्रामची सुरुवात दाखवणाऱ्या काळ्या ठिपक्यातून निघणारा बाणही बदलला. तो थेट साठवलेल्या अवस्थेत जात नाही. आधी दाराचा सेन्सर वाचतो, साठवलेल्याशी पडताळतो, आणि न जुळल्यास ‘तपासणी हवी’.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

डायग्राम आता प्लांटयूएमएल या मजकुरातून चित्र काढणाऱ्या साधनात लिहिलेला आहे आणि कोडशेजारीच राहतो, म्हणजे बदलाच्या तपासणीत दोन्ही एकत्र दिसतात. एक टेस्ट दोन्हींतले बाण वाचून ताडून बघते. एकही कमीजास्त असला तर बिल्ड लाल, म्हणजे बदल नापास. पूर्वीच्या एका प्रकल्पात भिंतीवरचे चित्र आणि चालू कोड यांचा काही संबंध उरला नव्हता, आणि लोक चित्र बघून निर्णय घेत होते. ते पुन्हा नको.

बाण ३४ झाले. प्रत्येक बाण एकदा तरी चालवणाऱ्या टेस्ट झाल्या. १९७८ मध्ये संशोधक चाउ यांनी याच्या पुढची पायरी मांडली होती, लागोपाठच्या बाणांच्या साखळ्या तपासण्याची. दोन-दोनच्या जोड्या काढल्या तर १२६ भरल्या. त्याही लिहिल्या, आणि एका जोडीत रद्द केलेल्या राखणीचा कोड पुढच्या राखणीतही चालतो हे सापडले. प्रत्येक बाण सुटा बघितला तर बरोबरच होता.

बुधवार, ३ सप्टेंबर

रात्रभर यादृच्छिक चाचणी चालवली. नकली सर्व्हर, नकली दार, घटना कोणत्याही क्रमाने. तीन अटी कधीच मोडता कामा नयेत. त्यातली एक: सर्व्हर ज्या कप्प्याला मोकळा म्हणतो, तो आमच्याकडे भरलेला नसावा. सकाळी ती मोडलेली होती. छाटत छाटत पाच घटनांचा क्रम उरला: राखण्याची विनंती, बरोबर कोड, दार उघडले, रद्द, दार लागले.

तक्ता उघडला. ‘ठेवण्यासाठी उघडा’ आणि ‘रद्द’, या रकान्यात शून्य. ७ ऑगस्टला आम्ही म्हटले होते, माणूस दारापाशी उभा आहे, आता कसले रद्द, दुर्लक्ष करा. लॉकरच्या बाजूने ते बरोबरही होते. पण सर्व्हरने रद्द पाठवतानाच आपल्याकडे कप्पा मोकळा करून टाकला होता आणि आम्ही त्याला काहीच कळवत नव्हतो. इथे सामान आत, तिथे कप्पा मोकळा, आणि तो पुढच्या माणसाला दिला जायच्या बेतात.

शून्य खोडले. लॉकर अवस्था बदलत नाही, पण ‘रद्द नाकारले, दार उघडे आहे’ असा निरोप पाठवतो. त्यासाठी सर्व्हरनेही उत्तराची वाट बघायला हवी. पाच ऑगस्टची कसोटी लावली तर वाट बघणे म्हणजे अवस्था, आणि सर्व्हरकडे ती नाही. त्यांच्याकडे राखणीसाठी एक स्टेटस रकाना आहे आणि तो कोणीही, कुठूनही बदलतो.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

टेबलावरच्या नमुन्यावर मूळ तक्रार करून बघितली. कप्पा राखला, कोड टाकला, दार उघडले, काहीही न ठेवता लावले. पडद्यावर प्रश्न आला. ‘नाही’ दाबले. लॉकर ‘राखीव’मध्ये परतला, तोच कोड चालला, दार पुन्हा उघडले. टेस्टरने सेन्सरवर चिकटपट्टी लावून तेच केले. ‘सांगता येत नाही’ आले आणि पुन्हा प्रश्नच आला.

दुपारी सर्व्हरच्या टीमसोबत बसलो. त्यांच्या राखणीच्या सहा अवस्था निघाल्या, त्यात ‘रद्दच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ ही नवी. नऊ घटना, ५४ रकाने. त्यांच्यातला एक जण पहिल्या रकान्यापाशीच म्हणाला, “हे तर होऊच शकत नाही, फुली मारा.” फर्मवेअरवाल्याला आम्ही मुद्दाम बरोबर नेले होते. त्याने विचारले, “लॉकर दोन तास बंद पडून मग रांगेतले जुने निरोप पाठवायला लागला तर?” फुली मारली नाही. सहा वाजेपर्यंत १७ रकाने झाले. उरलेले सोमवारी.